आम्ही फोटो पाठवतो

बातमी आली त्या दिवशी मी मेथी निवडत होते.

जून महिना होता. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच आठवडे झाले होते, त्यामुळे विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मला बसून करता येतील तेवढीच कामं मिळत. आमची मुलगी तनया वाघोलीहून माझ्यासाठी राहायला आली होती. तिनं माझ्यापुढे वर्तमानपत्र पसरून जुडी सोडून दिली आणि ती आत लॅपटॉप घेऊन बसली. खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला होता. फोन वाजला. अनोळखी नंबर बघून मी वाजू दिला. विमा विकणारे असतील. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. पलीकडच्या माणसानं हिंदीत विचारलं, हे दिगंबरजींचं घर का. मग विचारलं, घरात तुमच्याजवळ आणखी कोणी आहे का. हा दुसरा प्रश्न माणूस कशासाठी विचारतो ते मला कळलं. मी तनयाला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला. ती बराच वेळ ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, "हो, आई इथेच आहे. माझ्या समोर." आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली.

दिगंबर, माझा नवरा, स्पितीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात रात्री झोपला आणि सकाळी उठला नाही. हृदय बंद पडलं, उंचीमुळे असेल, असं सांगण्यात आलं. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही.

आमचं लग्नच मुळी डोंगरात ठरलं. कॉलेजात असताना एकाच ग्रुपबरोबर आम्ही सह्याद्रीतले किल्ले चढायचो. पुढे तो चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागला, मी दिवाळी अंकांसाठी प्रवासावर लिहू लागले. त्याचे फोटो, माझा मजकूर. दरवर्षी रजा साठवून आम्ही हिमालयात जायचो. झांस्कर, किन्नौर, मुनस्यारी, गुरेझ, पार अरुणाचलात दिबांगच्या खोऱ्यापर्यंत. टूरबरोबर कधी गेलो नाही. ज्या गावाला एसटीसारखं काही जातं ते गाव दिगंबरच्या मते पुण्याचंच उपनगर. परत आलो की नातेवाईक आणि शेजारी फोटो बघायला जमायचे. दिगंबर पडद्यावर हिमनदी दाखवायचा आणि मागून कुणीतरी विचारायचं, तिथे जेवायला काय मिळतं. "शब्द," तो म्हणायचा. "हिचे. भरपूर."

मोठेपणा वाटेल, पण वाटू दे. आम्ही एक गोष्ट अशी केली जी फारसं कुणी करत नाही. वाटेत ज्याचा ज्याचा फोटो काढला, त्याला त्याला घरी आल्यावर छापून पाठवला. मेंढपाळ असो, रस्ता बांधणारी बाई असो, मठातला लहान भिक्षू असो. फोटो काढणारे सगळेच 'पाठवतो' म्हणतात. आम्ही पाठवायचो. मागच्या बाजूला गावाचं नाव आणि फोटो ज्यानं काढला त्याचं नाव, त्याच्या किंवा माझ्या अक्षरात. हिमालयातल्या कितीतरी घरांत चुलीवरच्या धुरकट भिंतीला शनिवार पेठेत छापलेले फोटो लावलेले आहेत. मला पुरस्कार वगैरे फारसे मिळाले नाहीत, पण ही भिंत आठवली की मान ताठ होते.

आमचे एकमेकांचे फोटो एकमेकांनीच काढलेले. तिऱ्हाइताला कॅमेरा द्यायला दिगंबरचं मन घ्यायचं नाही, त्यामुळे दोघं एकत्र असलेला फोटो जवळजवळ नाहीच. तो माझा काढायचा तो अगदी मोजूनमापून. मी बुटकी, आणि त्यातून मला खाली बसून काढायची सवय. दिगंबर डावीकडे खालच्या कोपऱ्यात आणि वर सगळं आभाळ, असा मी काढलेला फोटो. "फुकट मिळतं म्हणून एवढं घ्यायचं का गं आभाळ?" हे मी आयुष्यभर ऐकलं. आणि एक काढून झाला की मी "अजून एक" म्हणायचे. त्यावर तो एक चेहरा करायचा. अर्धा वैतागलेला, अर्धा हसू दाबलेला, डावी भुवई किंचित वर. लग्नाच्या अल्बमात, ऑफिसच्या ओळखपत्रावर, तनयानं काढलेल्या शेकडो फोटोंत तो चेहरा कुठेही नाही. तो माझ्यासाठी होता.

त्या वर्षी माझा गुडघा आडवा आला. मीच त्याला म्हटलं, तू जा, माझ्या वाटचंही बघून ये. त्याच्या फोनला शेवटची रेंज होती तिथून त्याचा फोन आला. म्हणाला, या वेळी मी कुठल्याच फोटोत नसणार. तेवढंच आभाळ वाचलं.

तो तिकडे होता ते दिवस मला धड आठवत नाहीत. वेदनेच्या गोळ्या चालू होत्या आणि दुपारी जेवण झालं की झोप यायची ती दगडासारखी. तनया सांगते, हाक मारली तरी मी उठत नसे, हात गार लागायचे म्हणून ती पंखा बंद करायची. बाहेर ऊन पेटलेलं असायचं. एकदा माझे ओठ फुटून त्यांतून रक्त आलं. तिनं तूप लावलं आणि म्हणाली, पाणी कमी पितेस.

दिगंबरला आणायला जावई गेला, आमोद. त्यानं सगळं नीट केलं. सामानाची सॅकही आणली आणि ती मी कपाटावर ठेवायला लावली. पाऊस गेला, गणपती गेले, मी काठी सोडून चालू लागले. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की या सफरीतले फोटो पाठवायचे राहिलेत. लोकांना आपण शब्द दिलेला असतो. दिगंबरनं दिलेला शब्द माझ्या आळसामुळे मोडावा हे मला पटलं नाही.

तनया कामाला गेली होती. जेवण उरकून मी सॅक खाली काढली. चेन उघडली तशी आतला वास बाहेर आला. शेणीच्या धुराचा, लोकरीचा, आणि खाली कुठेतरी त्याच्या टोपीचा. दुपारची ती वेळ आमच्या सोसायटीत अगदी निपचित असते. लिफ्टसुद्धा हलत नाही. मी पडदा ओढला, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि एकेक फोटो बघू लागले.

सुरुवातीचे सगळे दिगंबरनं काढलेले होते. क्षितिज अगदी सरळ, कडा स्वच्छ. बर्फाच्या रेषा, नदीचं पसरट पात्र, बार्लीचं शेत. मला रडू येईल वाटलं होतं, पण आला तो अभिमान. इतका सरळ हात होता त्याचा.

मग एका मठाच्या पायरीवर दिगंबर बसलेला दिसला.

डावीकडे, खालच्या कोपऱ्यात. वर आभाळ.

मी पुढचा बघितला. दिगंबर पाठमोरा, वाटेवर, मान अर्धी वळवलेली. पुढचा. दिगंबर छतावर गवताच्या भाऱ्यांना टेकून, बुटाची नाडी सोडतोय. सगळे खालून, बसून काढलेले. दोन फोटोंच्या मध्ये त्यानं स्वतः काढलेले, सरळ क्षितिजाचे. मग पुन्हा असे. दोन माणसं एकच कॅमेरा आलटून पालटून वापरतात तसे. मला खोलीत तो धुराचा वास जास्त जाणवायला लागला. सॅकची चेन मी उठून लावली. वास कमी झाला नाही.

आणि मग एका फोटोत तो चेहरा आला. संध्याकाळचं ऊन त्याच्या गालावर होतं. डावी भुवई किंचित वर. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, कॅमेरा धरणाऱ्याकडे बघत होता.

तनया संध्याकाळी आली तेव्हा मी तशीच बसले होते. तिनं दिवा लावला, माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. बराच वेळ ती पुढे मागे जात राहिली.

"सेल्फ टायमर असेल, आई."

मी तिला एक फोटो उघडून दाखवला. दिगंबर ओढ्याच्या मधल्या दगडावर उभा होता. पाणी दुधासारखं फेसाळत होतं आणि तो मागे वळून हात पुढे करत होता. बोटं पसरलेली, कोपर किंचित वाकलेला. मला ओढा ओलांडून घेताना तो असाच हात द्यायचा.

"टायमरला कोणी हात देत नाही गं," मी म्हटलं.

तिनं तो फोटो मोठा करून बघितला. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, बाबांबरोबर आणखी कोणी... म्हणजे कुणी बाई वगैरे होती का. तिला ते विचारणं किती जड गेलं ते मला दिसलं. मला मात्र त्या क्षणी रागही आला नाही आणि शंकाही. मी तिला त्या चेहऱ्याचा फोटो दाखवला आणि म्हटलं, हा चेहरा बाबा दुसऱ्या कुणासाठी करेल का ते तूच सांग. तनया एवढंच म्हणाली, "मग तू कुठे होतीस ते मी रोज बघत होते. तू माझ्यासमोर झोपलेली असायचीस."

कार्डावरचा शेवटचा फोटो मी तिला दाखवला नव्हता; तो तिनं आपणच उघडला. पहाटेचा उजेड, घरामागून वर जाणारी पायवाट आणि प्रचंड आभाळ. माणूस कुणीच नाही. डाव्या कोपऱ्यात मात्र एका माणसाएवढी जागा मोकळी सोडलेली. तारीख होती दिगंबर उठला नाही त्या सकाळची. आम्ही दोघींनी ती वाचली आणि दोघींपैकी कुणीही ती मोठ्यानं वाचली नाही.

दुसऱ्या कुणाला हे सांगायचं नाही असं ठरवलं, पण फोटो छापायचे तर होतेच. शनिवार पेठेतल्या मकबूलभाईंकडे आमचे फोटो रोलच्या जमान्यापासून छापले जातात. दिगंबर गेल्यावर ते घरी येऊन गेले होते आणि काही न बोलता तासभर बसून होते. मी निवडून नेलेले फोटो त्यांनी पडद्यावर एकेक मोठे करून बघितले. मी काहीच सांगितलं नव्हतं. दिगंबरनं काढलेले फोटो त्यांनी मान हलवत पुढे सरकवले आणि ओढ्याच्या फोटोवर थांबले.

"वहिनी, शेवटी हात बसला तुमचा," ते म्हणाले. "साहेब असते ना, तर यातलं आभाळ त्यांनाही कापवलं नसतं."

मग त्यांनी मुलाला हाक मारून फोटो दाखवला, हा दुकानाच्या काचेत लावू का म्हणून मला विचारलं, आणि मी हो म्हटलं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या फोटोबद्दल ते असं कधी बोलले नव्हते. तो फोटो होताच तसा. दिगंबरचा इतका चांगला फोटो कुणीही कधी काढलेला नाही. हा मी काढलेला नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मग कुणी काढला, हे सांगावं लागलं असतं. मी घरी येईपर्यंत तो अभिमान माझ्याबरोबर होता, आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर मला एकदम भीती वाटली. आपलं नसलेलं काहीतरी आपण आपलं म्हणून घेतलं आहे आणि ते आता आपल्याबरोबर घरात येत आहे, अशी.

पाठवायच्या फोटोंत एक होता चुलीपुढच्या बाईचा. ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची, गुडघ्याला टेकलेली तिची मुलगी. मुलगी फोटो काढणाऱ्यापुढे चहाचा पेला धरते आहे. हाही खालून काढलेला, आणि आभाळ नसल्यामुळे वर तेवढं छत. ज्या घरात दिगंबर गेला त्या घराची मालकीण असणार हे मी ओळखलं. तिचा नंबर आमोदकडे होता. नाव यांगचेन. पत्ता विचारावा म्हणून मी फोन लावला. तनया ऑफिसात होती, दुपार होती. यांगचेन हिंदीत बोलत होती, तेच इथे मराठीत लिहिते.

मी पुण्याहून नीरजा, दिगंबरची बायको, असं सांगितलं. ती लगेच म्हणाली की आवाजावरून ओळखलं. थांबा, छतावर जाते, खाली रेंज जाते. मला तिच्या चपला वाजलेल्या ऐकू आल्या. मग वारा.

"ताई, गुडघा कसा आहे?"

दिगंबरनं सांगितलं असेल. मी म्हटलं, बरा आहे.

"शिडी चढताना फार दुखत होता तुमचा. मी म्हटलं खाली अंथरूण घालते, तर ऐकलं नाहीत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती दिगंबरबद्दल बोलत राहिली. दादा किती चांगले होते, मुलीला त्यांनी कॅमेऱ्यातून डोंगर दाखवला. त्या सकाळी तुम्ही लवकर उठून खाली आलात, कॅमेरा चुलीपाशी खुंटीला अडकवलात. मला वाटलं दादांना झोपू द्यायचं असेल. मागच्या वाटेनं वर गेलात. उन्हं आली तरी दादा उठले नाहीत, म्हणून आम्ही हाक मारायला गेलो...

"आणि मी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

तुम्हाला शोधायला माणसं वर गेली होती, ती म्हणाली. तोवर शाळेच्या मास्तरांनी तुमच्या घरी फोन लावला. तुमची मुलगी म्हणाली, आई इथेच आहे, माझ्या समोर. मास्तरांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. मग आम्ही माणसांना परत बोलावलं. वाऱ्यात तिचा आवाज क्षणभर गेला आणि पुन्हा आला. "इतक्या लवकर कशा पोहोचलात, ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत."

"यांगचेन," मी म्हटलं, "मी तिकडे आलेच नव्हते."

ती मला खोटं ठरवेल, हसेल, घाबरेल, असं मला वाटलं होतं. त्यातलं काही झालं नाही.

"मग दादा एकटे होते?" तिनं विचारलं.

दिगंबर गेला त्या दिवसापासून मी हाच एक प्रश्न घेऊन जगत होते. शेवटच्या रात्री त्याच्याजवळ कुणी होतं का. त्यानं पाणी मागितलं असेल तर ते कुणी दिलं. मी हो म्हटलं असतं तर तो तिथे एकटा गेला. आणि नाही म्हटलं असतं तर...

"नाही," मी म्हटलं. "एकटा नव्हता."

"हो ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मोकळा झाला. "रात्री बोलत होतात दोघं. मला खाली ऐकू येत होतं. हसत होते दादा." मग तिनं पत्ता सांगितला, पोस्ट खालच्या गावात येतं, मास्तरांच्या नावावर टाका म्हणाली. फोटो पाठवतो असं सगळेच म्हणतात ताई, पण तुम्ही ज्या तऱ्हेनं म्हणालात ना, मी मुलीला तेव्हाच सांगितलं, हे पाठवणार.

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. मला वाटतं ते समाधानाचंच रडू होतं. तो हसत होता. तनयाला मी तेवढंच सांगितलं आणि तिनं जास्त विचारलं नाही.

हे इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

काल दुपारी यांगचेनचाच फोन आला. फोटो मिळाला नाही म्हणून असेल, असं समजून मी माफी मागायला लागले. तिनं थांबवलं. तिकडे आता थंडी पडायला लागली आहे, ती म्हणाली, वरच्या वाटेला आता कुणी जात नाही. पण मुलगी परवा वासरू शोधायला गेली आणि येऊन म्हणाली, पुण्याची ताई वर आहे. तिनं हाक मारली, तुम्ही थांबला नाहीत. चांगल्या भरभर चालत होतात म्हणाली, पाय दुखत नसल्यासारख्या.

माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"ताई, तुम्ही पुण्यातच आहात ना?"

"पुण्यातच आहे."

"बरं."

मी तिला म्हटलं, मुलीला विचार, बरोबर कोणी होतं का. यांगचेननं तिला बोलावलं. त्यांच्या भाषेत पोर बरंच काही सांगत होती. मध्येच ती थांबली, आईनं काहीतरी विचारलं, मग ती पुन्हा बोलू लागली, या वेळी अगदी हळू. माझ्या कानाशी वारा घोंघावत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं.

यांगचेन पुन्हा फोनवर आली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"लहान आहे," ती म्हणाली. "लहान मुलं काहीही सांगतात." आणि मग घाईघाईनं, "तुम्ही तो फोटो तेवढा पाठवा ताई. लवकर पाठवा."

फोटो माझ्यासमोर टेबलावर आहे. मकबूलभाईंनी सुरेख छापला आहे. चुलीतला जाळसुद्धा उजळ आला आहे. लिफाफ्यावर मास्तरांचा पत्ता घातला, तिकिटं लावली. फोटोच्या मागे गावाचं नावही लिहिलं. त्याच्याखाली फोटो काढणाऱ्याचं नाव लिहायचं अजून राहिलं आहे.